कॉक्लिअर इम्प्लांटची तपासणी: मला नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात शाळेत गणित शिकवत असे. चाळिशीपासून ऐकू येणं कमी होत गेलं. पन्नाशीला आले तेव्हा शेवटच्या बाकाचं सोडाच, पहिल्या बाकावरची पोरं काय म्हणतात तेही कळेना. आता उजव्या कानात इम्प्लांट आहे. तेव्हापासून नातेवाईक, त्यांचे शेजारी, भंडारा-गोंदियाकडचे ओळखीचे, छिंदवाड्याहून उपचारासाठी इथे येणारे असे सगळे व्हॉट्सॲपवर तेच तेच विचारतात. फोनवर लांबलचक बोलणं मला अजून जड जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. या रांगेत बसून आलेली बाई आहे, तेवढंच.

इम्प्लांट म्हणजे कानाच्या मशीनचाच मोठा भाऊ का?

नाही. साधं मशीन आवाज मोठा करून कानात सोडतं, पुढचं काम कानानेच करायचं असतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, तीच कॉक्लिया. तिच्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर त्या विजेच्या इशाऱ्यात बदलतात आणि श्रवणाच्या नसेकडे पाठवतात. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या बऱ्याच गेल्या असतील तर आवाज वाढवून नुसता गोंगाट वाढतो, शब्द काही उमटत नाहीत.

इम्प्लांट केसपेशींच्या नादी लागत नाही, ते थेट नसेला विजेचे ठोके देतं. कानामागे प्रोसेसर असतो. त्याला जोडलेली चपटी कॉइल चुंबकाने डोक्याला चिकटते. आतला भाग ऑपरेशन करून कातडीखाली बसवतात आणि त्याची बारीक तार कॉक्लियात सरकवतात. कंपनीप्रमाणे त्या तारेवर १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. म्हणजे १५ हजारांचं काम फार तर बावीस जणांवर! सुरुवातीला आवाज विचित्र का वाटतो याचं उत्तर या हिशेबातच आहे.

विषय सोडून एक गोष्ट सांगते, कारण मला ती फार आवडते. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर ग्रेअम क्लार्क यांना पेच पडला होता की त्या वळणदार नळीत तार आत सरकवायची कशी. १९७७ साली सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर असताना त्यांनी एक शंख उचलला आणि गवताची पाती आत सारून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाकडे ताठ होत जाणारी पाती वेढ्यांमधून आत गेली. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, मेलबर्नला त्यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू यायचं.

तपासणीची वेळ आली हे कसं ओळखायचं?

मशीन लावूनही "आवाज येतो, शब्द येत नाहीत" असं वाटू लागलं की. माझं लक्षात आलं ते गोकुळपेठच्या बाजारात. भाजीवाला म्हणाला साठ, मला ऐकू आलं आठ. मी दहाची नोट पुढे करून सुट्ट्याची वाट बघत उभी. स, श, च, फ, थ हे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आ, ई, ऊ बराच काळ टिकतात. म्हणून "ऐकू तर येतं" असं वाटत राहतं.

आकड्यांत सांगायचं तर दोन्ही कानांची घट तीव्र ते अतितीव्र हवी. पूर्वी बहुतेक ठिकाणी ९० डेसिबलची रेघ असे. ब्रिटनमध्ये २०१९ साली ती सैल झाली. तिथे आता मशीन न लावता दोन किंवा जास्त फ्रिक्वेन्सींवर ८० डेसिबलपेक्षा हलका आवाज ऐकू येत नसेल आणि मशीन लावूनही पुरेसा उपयोग होत नसेल, तर माणूस इम्प्लांटसाठी पात्र धरतात. आपल्याकडेही नुसता ऐकण्याचा आलेख बघून कुणी ठरवत नाही. चांगलं मशीन लावून शब्द किती समजतात, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

नागपुरात सुरुवात कुठून करायची?

कान-नाक-घसा डॉक्टरांपासून. सरकारी रस्ता हवा असेल तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, यांच्या ईएनटी ओपीडीत कागद काढा. खासगीत धंतोली-रामदासपेठेत दर चार पावलांवर पाटी दिसेल. पहिल्याच भेटीत विचारा: इथे इम्प्लांटचं ऑपरेशन होतं का, आणि त्यानंतरचं मॅपिंग (प्रोसेसर तुमच्या कानाप्रमाणे जुळवणं) व थेरपी (ऐकण्या-बोलण्याचा सराव) इथेच होते का? ऑपरेशन एकदाच होतं, मॅपिंगला मात्र जन्मभर यावं लागतं. गडचिरोलीहून येणाऱ्याला हा फरक परवडत नाही.

साउंडप्रूफ खोलीत नेमकं काय होतं?

हेडफोन लावतात, हातात बटण देतात आणि टूं, टीं असे सूर हलके हलके करत नेतात. सूर आला की बटण दाबायचं. ही प्युअर टोन ऑडिओमेट्री. मग मधल्या कानाचा दाब बघतात. आतल्या कानाचा प्रतिध्वनी मोजणारी ओएई असते. आणि बेरा. तिच्यात कपाळाला नि कानामागे तारा चिकटवतात, आपण डोळे मिटून पडायचं; नस नि मेंदूचा खालचा भाग आवाजाला प्रतिसाद देतात का ते यंत्र टिपतं. यातली एकही दुखत नाही.

आता माझी लबाडी सांगते. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट मुलगी बसली होती. तिचा हात डायलवर फिरला की मी बटण दाबायचे. आवाज आला का नाही याचा विचारच नाही, हात हलला की बटण. पाचेक मिनिटांनी तिने काही न बोलता खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली. त्यानंतर बराच वेळ मी बटण हातात धरून नुसती बसले होते. तीस वर्षं वर्गात कॉप्या पकडल्या, आणि इथे मीच कॉपी करत होते!

यात माझा एकटीचा दोष नाही. कमी ऐकू येणारा माणूस वर्षानुवर्षं हेच करत असतो. बाकीचे हसले की हसायचं, "हो ना" म्हणायचं, प्रश्न कळला नाही तर विषय बदलायचा. ही सवय लग्नकार्यात उपयोगी पडते, तपासणीत ती घात करते. कारण खोटे गुण मिळाले की निकाल येतो "अजून मशीनवर भागेल", आणि आणखी दोन वर्षं जातात.

शब्दांच्या चाचणीत अंदाजाने सांगितलं तर चालतं?

चालतं. जेवढं आलं तेवढं सांगा, अर्धवट आलं तर अर्धवट. फक्त ओठ वाचू नका. तसे ते वाचून फारसं हाती लागतही नाही: मामा, बाबा, पापा हे तिन्ही शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा, ओठ एकसारखेच हलतील. म्हणूनच तोंडासमोर कागद धरतात किंवा रेकॉर्ड केलेले शब्द लावतात.

दोन्ही कानांना मशीन लावून मला मराठी शब्द ऐकवले. ती म्हणाली शाळा, मी म्हणाले माळा. ती चावी, मी भाजी. स्वर सगळे बरोबर, व्यंजनं बहुतेक चुकलेली. २५ पैकी ४. मग वाक्यं झाली, शांततेत आणि नंतर मागे गोंगाट लावून. गोंगाटात शून्य. वाईट वाटलं, पण त्या शून्याला किंमत होती. इतकी वर्षं घरच्यांना जे पटवता येत नव्हतं ते एका कागदावर आलं.

चाचणी तुमच्या भाषेत होते ना, हे बघा. घरात गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या आजोबांना पुस्तकी मराठी शब्द चुकले तर तो कानाचा दोष नव्हे. तसं सांगायला लाजू नका.

आधी तीन महिने मशीन वापरायला सांगितलं. ही टाळाटाळ आहे का?

नाही. चांगल्या ताकदीचं, तुमच्या आलेखानुसार नीट बसवलेलं मशीन साधारण तीन महिने दिवसभर वापरून बघणं हा तपासणीचाच भाग आहे. मशीनवर भागत असेल तर डोक्यात भोक कशाला?

पण "नीट बसवलेलं" हा शब्द अधोरेखित करा. माझं पहिलं मशीन मी एका दुकानातून घेतलं. कानाचा साचा घेतला नाही, रबरी टोपी लावून दिली. जेवताना जबडा हलला की शिट्टी वाजायची. आमचे हे म्हणायचे, "कुकर झाला वाटतं." ते मशीन तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की मशीन वापरून पाहिलं, उपयोग नाही. ती चाचणी मुळात झालीच नव्हती. त्या तीन वर्षांत नसेपर्यंत धड आवाज पोचला नाही, याची हळहळ अजून वाटते. मोठ्या माणसांत निकाल कसा लागेल हे वयापेक्षा कान किती वर्षं पूर्ण बंद होता यावर जास्त अवलंबून असतं.

मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर मात्र तीन महिने थांबायचं नाही. त्या आजारानंतर कॉक्लियात हाड साचू लागतं, कधी काही आठवड्यांतच. नळी बुजली की तार आत जात नाही. तिथे घाई हीच शहाणपणाची.

सीटी आणि एमआरआय दोन्ही कशाला? एकात भागत नाही?

सीटीत हाड दिसतं: कॉक्लियाची घडण, वेढे पूर्ण आहेत का, चेहऱ्याची नस कुठून जाते. एमआरआयमध्ये श्रवणाची नस दिसते आणि नळीतलं पाणी दिसतं. नस नसेल तर ठोके द्यायचे कुणाला? म्हणून दोन्ही.

एमआरआयला जाताना मशीन बाहेर काढून ठेवावं लागतं. म्हणजे तुम्ही त्या बोगद्यात ठार बहिरे आणि तंत्रज्ञ माइकवरून "हलू नका" सांगतोय. मी आधीच वहीवर लिहून घेतलं: पायाला एकदा हात लागला म्हणजे अजून वेळ आहे, दोनदा लागला म्हणजे संपलं. मंगळसूत्र, पिना, जोडवी घरीच काढून ठेवा. जोडवी निघता निघेनात म्हणून माझा नंबर अर्धा तास मागे गेला होता.

रक्ताच्या चाचण्या, सिकलसेल, लस… कानाशी यांचा काय संबंध?

भूल पूर्ण द्यायची असते, त्यामुळे रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे नेहमीचं. आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना ऑक्सिजन, पाणी, शरीराची ऊब सगळ्यांची जास्त काळजी घ्यावी लागते, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. शिवाय सिकलसेलमुळेही आतल्या कानाचं ऐकणं जाऊ शकतं. घरात कुणाला असेल तर विचारण्याची वाट न बघता सांगा.

लस मेंदूज्वराविरुद्धची. इम्प्लांट बसवलेल्यांना न्यूमोकॉकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून ती लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घेतात. कार्ड जपून ठेवा.

कान वाहत असेल तर आधी तो कोरडा करतात. पडद्याला भोक असेल तर त्याचं आधी.

मानसशास्त्रज्ञाकडे का पाठवलं? मला वेड लागलंय का?

माझ्या जाऊबाईंनी हाच प्रश्न मला विचारला, "काऊन बाप्पा, कानाचं दुखणं नं डोक्याचा डॉक्टर?" तिथे अपेक्षा तपासतात. तुम्हाला काय हवंय? नातवाशी फोनवर बोलायचंय, गाणी ऐकायचीयत, की फक्त मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न कळला तरी पुरे? मी म्हणाले, पूर्वीसारखं ऐकायचंय. त्यांनी शांतपणे लिहून दाखवलं: पूर्वीसारखं होणार नाही, वेगळं होईल, आणि त्याची सवय करावी लागेल. हे ऐकून मी चिडले होते. आज वाटतं, साऱ्या तपासणीत माझ्या सर्वांत कामाचं वाक्य तेच होतं.

कोणत्या कानात बसवतात?

याचं एकच उत्तर नाही. वाईट कानात बसवलं तर बऱ्या कानाला मशीन लावून दोन्ही वापरता येतात. पण वाईट कान वीस वर्षं बंद असेल तर निकाल संथ येतो. सीटीत एका बाजूची वाट सोपी दिसली तर तेही बघतात. चक्कर येत असेल तर तोलाची तपासणी होते, कारण एकाच बाजूचं तोलाचं इंद्रिय चालू असेल तर तो कान शक्यतो राखून ठेवतात. माझा उजवा जास्त वाईट होता, पण बंद होऊन चारच वर्षं झाली होती. उजवाच ठरला. एक लक्षात ठेवा, ज्या कानात बसेल त्यातलं उरलंसुरलं ऐकणं जाण्याची शक्यता असते.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. आता कशाला?

वयाला वरची मर्यादा नाही. हृदय, साखर, भूल सोसण्याची ताकद बघतात. मी उलट विचारते: बाबा मित्रांमध्ये जाऊन बसायचे बंद कधी झाले? अंबाझरीला फिरायला जायचे ते आता जातात का? त्यांचं स्वतःचं म्हणणं काय, हे मात्र त्यांनाच विचारा, लिहून विचारा. मुलांच्या हट्टाने बसवलेलं इम्प्लांट डब्यात राहतं.

लहान मुलाच्या तपासणीत वेगळं काय?

जवळजवळ सगळंच. मोठा माणूस एकदा बोलायला शिकलेला असतो. बाळाच्या मेंदूत भाषेची घडी अजून बसायची असते आणि त्यासाठी पहिली दोन-तीन वर्षं फार मोलाची. जगभर पाळला जाणारा हिशेब असा: एका महिन्याच्या आत चाळणीची पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा उपचार सुरू. अमेरिकेत २०२० साली नऊ महिन्यांच्या बाळापासून इम्प्लांटला परवानगी मिळाली. आपल्याकडे साधारण वर्षाच्या आसपास, आधी मशीन लावून बघून, विचार करतात.

उशीर कुठे होतो? घरात. "ताटली पडली की वळून बघतो नं तो!" ताटली पडली की फरशी थरथरते, सगळे दचकतात, सावली हलते, बाळ त्याकडे वळतं. "पोट्टे उशिराच बोलतात, त्याचा मामाबी चार वर्षांनी बोलला." मामा बोलला असेल. मामाची बेरा कुणी केली होती? ही वाक्यं म्हणजे माझं काचेतून हात बघणंच आहे, फक्त बाळाच्या वतीने आजी करते. मायेने करते म्हणून नुकसान कमी होत नाही.

बाळाची बेरा झोपेत करतात. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, सकाळी गाडीत झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर दूध पाजून निजवा. झोप लागली नाही तर डॉक्टर औषध देतात, म्हणून उपाशी आणायचं की पाजून हे आदल्या दिवशी विचारा. पहिल्या फेरीत झोप आलीच नाही म्हणून परत गेलेली आई मी दोनदा पाहिलीय, एक तर बालाघाटहून आली होती.

कधी ओएई चांगली येते आणि बेरा सपाट. म्हणजे केसपेशी जाग्या, पण इशारा नसेतून नीट पुढे जात नाही. अशा वेळी निर्णय सावकाश आणि जाणत्या हातांनी व्हावा. नुसती ओएई बघून "कान उत्तम" असं कुणी म्हणालं तर बेराचा आग्रह धरा, विशेषतः बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल तर.

डोळेही तपासतात. जन्मजात बहिरेपणाच्या काही प्रकारांत पुढे नजरही अधू होते. ईसीजी काढतात, कारण एका दुर्मीळ प्रकारात हृदयाच्या ठोक्यांचा दोष सोबत असतो. आई-वडील नात्यातले आहेत का, असं विचारलं तर ओशाळू नका. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे काही नवं नाही, जनुकांच्या तपासणीसाठी ती माहिती लागते.

मूल पाच-सहा वर्षांचं झालं, कधीच काही ऐकलं नाही, मशीनही लावलं नाही, तर बोलण्याच्या दृष्टीने इम्प्लांटचा फायदा बराच कमी होतो. हे आई-वडिलांना सांगणं मला जड जातं, तरी सांगते. खुणांची भाषा अशा मुलाला पूर्ण भाषा देते. इम्प्लांट झालेल्या मुलानेही ती शिकली तर त्याचं काही बिघडत नाही, असं माझं मत आहे.

तपासणीनंतर "नाही" म्हणाले तर?

कारण विचारा आणि लेखी घ्या. कॉक्लियाच नसेल किंवा नस नसेल तर इम्प्लांट उपयोगाचं नाही. काही मोजक्या केंद्रांत मेंदूच्या देठावर बसणारं वेगळं इम्प्लांट करतात. पण पुष्कळदा "नाही" म्हणजे "अजून नाही" असतं. मशीन बदला, सहा महिन्यांनी या. तेव्हा परत जा. माझा पहिला निकाल असाच होता, आणि तो का तसा आला हे तुम्हाला आता माहीत आहे.

खर्च किती? सरकारी मदत मिळते का?

एका कानाचं यंत्रच साधारण ५ लाखांपासून १२-१५ लाखांपर्यंत जातं. ऑपरेशन, थेरपी वेगळी. तपासण्यांमध्ये खासगीत एमआरआय सर्वांत महाग. मेडिकल-मेयोत बरंच कमी.

मुलांसाठी वाटा आहेत. अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, तिच्यातलं इम्प्लांटचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था बघते; जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांना तिच्यात पाच वर्षांची अट आहे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीत कॉक्लिअर इम्प्लांट २ ते ६ वयासाठी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं; जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे, त्यांना गाठा. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार तयार ठेवा. वयाची अट कागद गोळा करण्यातच उलटून गेलेली घरं मला माहीत आहेत, म्हणून तपासण्या आणि कागद एकाच वेळी सुरू करा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा.

मोठ्यांसाठी वाट अरुंद आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या आरोग्य योजनेत, म्हणजे सीजीएचएसमध्ये, तरतूद आहे. विमा असेल तर पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी भिंग घेऊन वाचा आणि मंजुरी लेखी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबलची घट असेल तर तो माणूस बधिर या व्याख्येत बसतो; यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा.

कंपनी निवडताना चकचकीत माहितीपत्रकापेक्षा तीन प्रश्न विचारा. बाहेरच्या प्रोसेसरची वॉरंटी किती वर्षं? ती संपल्यावर वायर, कॉइल, बॅटरी कितीला? दुरुस्ती नागपुरात होते की पार्सल मुंबईला जातं? पार्सल गेलं तर तेवढे दिवस तुम्ही पुन्हा बहिरे.

ऑपरेशन झालं की त्याच दिवशी ऐकू येतं?

नाही. दोन-तीन तासांचं ऑपरेशन, एक-दोन दिवस मुक्काम, जखम भरली की दोन ते चार आठवड्यांनी स्विच ऑन. माझ्या स्विच ऑनला मुलगी "आई" म्हणाली आणि मला पत्र्याच्या डब्यात उंदीर चिरकल्यासारखं वाटलं. तिचे डोळे भरून आलेले, आणि मी विचार करतेय, हा पैसा पाण्यात गेला. मग मॅपिंग, रोज तासभर सराव, घरातल्यांनी ओळी वाचायच्या आणि मी म्हणून दाखवायच्या. चौथ्या महिन्यात स्वयंपाकघरात पाठमोरी असताना "साखर संपली" हे वाक्य मला कळलं. स आणि ख दोन्ही.

गोंगाटात अजूनही अडतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी कोपरा धरते.

धोके काय?

चेहऱ्याची नस जवळून जाते, म्हणून ऑपरेशनभर तिच्यावर लक्ष ठेवतात. तिला इजा होणं विरळा. काही दिवस चक्कर, जिभेची चव बदलणं, कानात भुणभुण होऊ शकते. जखमेत जंतू होणं, यंत्रात बिघाड होऊन ते बदलावं लागणं हेही क्वचित घडतं. पुढे कधी एमआरआय लागला तर तुमच्या यंत्राला किती ताकदीचा चालतो हे कार्डावर बघूनच करायचा.

नागपूरच्या उन्हाळ्यात टिकतं का?

टिकतं, घामाची तेवढी काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा कानामागे पाणी वाहत असतं. रात्री प्रोसेसर ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डब्यात ठेवते. उन्हात उभ्या गाडीत कधीच सोडत नाही. स्कूटीवर हेल्मेट घालताना कॉइल सरकते, म्हणून आधी कॉइल काढून पर्समध्ये टाकते, तेवढा प्रवास बिनआवाजाचा. रंगपंचमीला सरळ घरात ठेवून जाते.

पहिल्या तपासणीला काय घेऊन जायचं?

जुने सगळे ऑडिओग्राम (ऐकण्याचे आलेख), अगदी पिवळे पडलेलेसुद्धा. घट कशी वाढत गेली ते त्यावरून कळतं. वापरात असलेलं मशीन, साचा, जादा बॅटऱ्या. पूर्वी क्षयाची किंवा गंभीर जंतुसंसर्गाची इंजेक्शनं घेतली असतील तर त्यांचे कागद, कारण त्यातली काही कानाला मारक असतात. वही आणि पेन. दिवसभर लागतो, म्हणून डबा.

सोबत माणूस न्या, पण घरून निघतानाच त्याला बजावा: डॉक्टर मला विचारतील तेव्हा उत्तर मी देणार, तू नाही. माझ्या नवऱ्याला हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहून ती त्यांच्या मांडीवर ठेवली.